पडद्यांच्या हिशेबात घर

आमच्या वन्संनी घर घ्यायचं ठरवलं तेव्हा तिथं खोल्या किती आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेष्टा करत नाही, खरंच सांगते. खिडक्या किती, त्यांची उंची-रुंदी किती, चौकटीच्या वर दांडी ठोकायला जागा किती, हे सगळं तोंडपाठ. खोल्यांचं विचारलं तर म्हणाल्या, “असतील की.”

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. पडदे शिवतात. फक्त पडदे. कुणी भीडभाड न ठेवता एखादा सदरा आणून दिला, तर हसून परत करतात. “माणसं सुटतात, वाळतात आणि दोष शिवणाऱ्याला देतात,” असं त्यांचं म्हणणं. “खिडकी बिचारी आहे तेवढीच राहते.” वडील गेल्यावर त्या शाळा सोडून मशीनवर बसल्या. त्या मशीनवरच आमचे हे शिकले, नोकरीला लागले, आणि मी ह्या घरात आले तेही त्याच मशीनच्या जोरावर. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून असं म्हणतात. पहिलं वन्संनी केलंच नाही, म्हणून दुसऱ्याची हौस त्यांना दुप्पट असावी.

पण हौस असून काय करता? भांडीवाल्याच्या दुकानामागं एक भाड्याची खोली, तिथंच मशीन, तिथंच अंथरूण, तिथंच कापडाचे तागे. खोलीला खिडकी नव्हती. छताजवळ एक झरोका होता, त्यातून उजेड कमी आणि कबुतरं जास्त यायची. भर दुपारी दिवा लावून त्या सुईत दोरा ओवायच्या. मी गेले की मला ओवायला लावायच्या आणि वर म्हणायच्या, “वहिनी, तुझा हात थरथरतो.” मी म्हणायचे, “हात नाही थरथरत, तुमचा दिवा थरथरतो.”

असं सगळं बरं चाललेलं असताना इमारतीच्या मालकानं सांगितलं, इमारत पाडायची आहे, वर्ष संपायच्या आत खोली सोडा.

आता खरं सांगते. हे ऐकून मला वन्संची काळजी वाटली, पण त्याच्या आधी माझी वाटली. त्या आमच्याकडे राहायला येणार हे उघड होतं. मला त्या आवडतात. आजही आवडतात. पण माणूस आवडणं वेगळं आणि एकाच ओट्यावर दोघींनी दोन वेळचा स्वयंपाक करणं वेगळं. त्यात आमचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत हे, आतल्या खोलीत ह्यांचे कागद. तिन्ही मुलं परगावी गेली, पण त्यांच्या पेट्या मात्र इथंच ठाण मांडून बसल्या आहेत. आमच्या घरात रुसायलासुद्धा जागा नाही. एकदा मी रागावून गच्चीवर जाऊन बसले, तर शेजारीण धावत आली, “काही हरवलं का?” म्हणून. ही गोष्ट मी वन्संना त्यांच्या खोलीत बसून सांगितली होती. हाताशी एका हॉटेलच्या कामातून उरलेला हळदीच्या रंगाच्या जाड कापडाचा तागा होता, तो चाचपत. फार सुंदर कापड होतं. वन्सं तोंडात टाचण्या धरून ऐकत होत्या, त्यामुळे हसल्या नाहीत.

वन्सं काही आमच्याकडे यायला तयार नव्हत्या. “ठेव आहे माझी बँकेत. घर घेईन. लहान घेईन, पण माझं घेईन,” म्हणाल्या.

झालं. आमच्या ह्यांना काम मिळालं. हे वीजखात्यात मीटर वाचायचे. निवृत्त झाल्यापासून वाचायला मीटर उरला नाही, म्हणून घरांचे भाव वाचायला लागले. इथले वाचतात तो भाग सोडा, जगातले वाचतात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत. दर रविवारी मुलांचे फोन आले की एरवी लोक हवापाणी विचारतात, आमचे हे विचारतात, “तुमच्याकडे चौरस फुटाला काय चाललंय?” आणि मुलंही बापाचीच. थोरला थंडीच्या देशात आहे, तो तिथले आकडे सांगतो. मुलगी वाळवंटाकडच्या देशात, ती तिथले. धाकटा इथून रात्रभराच्या प्रवासावर एका गावात शाळेत शिकवतो, तो बिचारा सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या गावचा भाव ऐकून बाकीचे हसतात.

वन्संची ठेव किती ते ह्यांनी सांगितल्यावर त्या रविवारी तिघांनीही हिशेब केले.

“आत्या, एवढ्या पैशात माझ्याकडे गाडी ठेवायची जागा मिळेल,” थोरला म्हणाला. “छपरासकट मिळेल का ते विचारून सांगतो.”

“माझ्याकडे अर्धं स्वयंपाकघर,” मुलगी म्हणाली. “ओट्याची बाजू घ्यायची की दाराची, ते तू ठरव.”

धाकटा म्हणाला, “माझ्याकडे अख्खं घर येईल. तीन खोल्या, मागं अंगण, अंगणात झाड. आत्या, इकडे ये. मी आहे ना.”

ह्यांनी पेन खाली ठेवलं. “ठरलं,” म्हणाले. मलाही वाटलं, ठरलं. पोरगं मायेनं बोलावतंय, घर स्वस्त आहे, आणखी काय पाहिजे?

वन्सं कडेला बसून एका पडद्याच्या चुण्या मोजत होत्या. त्यांनी विचारलं, “त्या घरात पडदे किती होतील?”

“काय?”

“खिडक्या किती, आणि तुमच्याकडे एका पडद्याची शिलाई काय घेतात, ते विचारतेय. मला चौरस फूट कळत नाहीत. किती पडदे शिवले की घर होईल, तेवढं सांगा.”

तिघांनाही गंमत वाटली. पुढचा आठवडाभर मुलं आपापल्या ठिकाणी पडदेवाल्यांकडे चौकशा करत हिंडली. थोरल्याला म्हणे एका बाईनं विचारलंसुद्धा, तुला नक्की पडदे हवेत की नोकरी? पुढच्या रविवारी त्यानंच सगळं मांडून दाखवलं. त्याच्या देशात घर सगळ्यात महाग, पण शिलाई इतकी दांडगी, की पडद्यांच्या हिशेबात तिथलं घर सगळ्यात लवकर होत होतं. मुलीकडे काचेच्या उंच इमारती, पडदे बटणावर सरकणारे, ते शिवायचं काम यंत्रंच करतात. ती शर्यतीतून बाद. आणि धाकट्याच्या गावात, जिथं घर सगळ्यात स्वस्त, तिथं पडदे शिवून घेतंच कोण? लोक खिळा ठोकून चादर लावतात. वन्संना तिथं दुसरा जन्म घेऊनही घर झालं नसतं.

“म्हणजे मी राहायला इकडे यायचं आणि कमवायला तिकडे जायचं,” वन्सं म्हणाल्या.

“पण ताई,” हे म्हणाले, “एवढे पडदे शिवेपर्यंत तू जेवणार नाहीस का? ते कुठं धरलंयस ह्या हिशेबात?”

वन्सं खळखळून हसल्या. “खरंच की. अस्तर लावायचंच राहिलं.” आणि तो खेळ तिथंच संपला. ह्यांचा हिशेब असो की वन्संचा, घर काही मिळालं नव्हतं. वर्ष मात्र संपत आलं होतं. धाकट्यानं अंगणातल्या झाडाचा फोटो पाठवला, मी तो वन्संना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “झाड चांगलंय. पण तिथं मी कुणाची आत्या एवढीच असेन. इथं मी पडदेवाली आहे.” मला तेव्हा ते पुरतं कळलं नाही.

अशात बाजाराच्या रस्त्यावरचा कागदाचा व्यापारी त्यांच्याकडे आला. त्याला गोदामासाठी एक जागा घ्यायची होती, तिसऱ्या मजल्यावरचा जुना फोटो स्टुडिओ. तिथं उजेड फार, आणि त्यानं कागद पिवळा पडतो. तेव्हा जाड काळे पडदे लागतील, माप घेऊन या, म्हणाला. वन्सं टेप घेऊन गेल्या.

परत आल्या त्या थेट आमच्याकडे. चपलासुद्धा दारात नीट काढल्या नाहीत.

“वहिनी, मी घर घेतेय.”

मी हातातलं पातेलं ठेवलं. हे चष्मा शोधायला लागले. वन्सं सांगत सुटल्या. एक अख्खी भिंत खिडक्यांची. खालपासून वरपर्यंत. ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो, शांत, दिवसभर एकसारखा. तिथं उभं राहून त्यांनी पिशवीतली सुई काढली आणि चष्म्याशिवाय दोरा ओवला. पहिल्या झटक्यात.

“खोल्या किती?” ह्यांनी विचारलं.

“असतील की.”

“स्वयंपाकघर?”

“ते बघायचं राहिलं.”

“न्हाणीघर तरी?”

वन्संनी हातातला टेप गुंडाळला. मग म्हणाल्या, “मी खिडक्यांचं माप घ्यायला गेले होते. तेवढंच घेतलं.”

ह्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जाऊन पाहून आलो. खोल्या नव्हत्याच. एक लांबच लांब दालन, एका बाजूला ती काचेची भिंत. टोकाला फोटो धुवायची अंधारी खोली, तिथं नळ आणि मोरी होती, एवढंच नशीब. संडास जिन्याच्या वळणावर, पण कुलूप लावून स्वतंत्र. फोटोग्राफर म्हातारा झाला होता, मुलीकडे राहायला निघाला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. व्यापारी महिनाभर घासाघीस करतोय, बयाणा देत नाही. शुक्रवारपर्यंत सांगितलेल्या किमतीत जो बयाणा आणेल, त्याची जागा.

किंमत म्हणजे वन्संची सगळी ठेव. वरती उरतील ते दांड्या आणि कड्यांपुरते.

त्या रात्री रविवार नसताना तिन्ही मुलांना फोन गेले. तुरी अजून बाजारातच होत्या आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं होतं. ह्यांनी कागदावर आकडेमोड करून जाहीर केलं, “चौरस फुटाला पाहिलं तर ही जागा आपल्या गावातल्या कुठल्याही घरापेक्षा महाग पडते. आणि घर म्हणावं असं तिथं काही नाही.”

“आत्या, ते गोदाम आहे,” थोरला म्हणाला.

धाकट्याचा आवाज पडला होता. “माझं अंगण नको होतं तर आधी सांगायचं ना.”

“तुझं अंगण मला हवंय रे. उन्हाळ्यात येईन राहायला,” वन्सं म्हणाल्या. “पण पाहुणी म्हणून येईन.”

मुलगी शहाणी. तिनं मुद्द्याचं विचारलं. “आत्या, पण त्या घराला आतून भिंतीच नाहीत. तू झोपणार कुठं, काम कुठं करणार, कुणी आलं तर बसवणार कुठं?”

वन्सं म्हणाल्या, “भिंती मी शिवीन.”

हे पुन्हा आकडेमोड करायला लागले, आणि मला एकदम त्यांचा राग आला. इतक्या देशांतली घरं मोजून झाली, पण ह्या बाईला सुईत दोरा ओवायला उजेड हवाय हे एकाही आकड्यात आलं नव्हतं. माझ्याही मनात आलं नव्हतं, मग मी तरी काय तोऱ्यात बोलू? पण बोलले. “अहो, मीटर बंद करा आता. त्यांचा पैसा आहे, त्यांना घेऊ दे.”

हे माझ्याकडे पाहतच राहिले. मी सहसा नणंदेची बाजू घेत नाही, तो ह्यांचा प्रांत.

शुक्रवारी मी वन्संबरोबर गेले. जिन्यातच कागदाचा व्यापारी भेटला. वन्संना पाहून म्हणाला, “बरं झालं, पडद्यांचं माप आणलंत ना?”

“आणलंय,” वन्सं म्हणाल्या. “पण तुमच्यासाठी नाही शिवणार. जागा मी घेतेय. बयाणा द्यायला आलेय.”

त्याला वाटलं बाई विनोद करते. मग पिशवीतला बँकेचा कागद पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. “तुम्ही काय करणार एवढ्या जागेचं?” म्हणाला.

“राहणार.”

तो आमच्या आधी वर चढला आणि फोटोग्राफरला पुन्हा काहीतरी कमी करून सांगायला लागला. सवयच ती. चार पैसे वाचवायला गेला आणि जागा घालवून बसला. फोटोग्राफरनं वन्संचा कागद घेतला, पावती लिहिली आणि किल्ली दाखवून म्हणाला, “सरकारी सही झाली की देतो. काचा ओल्या फडक्यानं पुसू नका, डाग राहतात.” वन्संनी मान हलवली, मीही हलवली, जणू मीच पुसणार होते.

नोंदणी कचेरीत कारकुनानं ह्यांच्याकडे पाहून विचारलं, “घर कुणाच्या नावावर?” हे एक पाऊल मागं सरले आणि म्हणाले, “ह्यांच्या. माझ्या बहिणीच्या.” वन्संनी सही केली. शाळा सुटली तेव्हा जेवढं अक्षर वळण घेऊन होतं तेवढंच आजही आहे, गोल आणि सावकाश. आमच्या दोन्ही घराण्यांत स्वतःच्या कमाईचं आणि फक्त स्वतःच्या नावाचं घर असलेली ती पहिली बाई. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझी छाती अशी फुगली होती की कुणाला वाटावं, सही मीच केली.

मग महिनाभर वन्संनी आम्हाला तिकडे फिरकू दिलं नाही. कामगार येऊन छताला दांड्या बसवून गेले, ओटा झाला, अंधाऱ्या खोलीचं न्हाणीघर झालं, एवढं कानावर यायचं. मी दोनदा गेले, तर दारातूनच मला परत पाठवलं. “अजून कच्चं शिवलंय,” म्हणाल्या.

रविवारी बोलावणं आलं. तीन जिने चढून गेलो आणि हे दारातच थांबले. दालन कुठंच नव्हतं. होतं ते घर. छतापासून जमिनीपर्यंत जाड अस्तराचे पडदे, एकेक भिंतीसारखा सरळ पडलेला. मधून वाट ठेवलेली. विटकरी पडद्यामागं ओटा. निळ्यामागं त्यांची झोपायची जागा, आणि तिथं बोललेलं बाहेर जेमतेम ऐकू येत होतं. काचेच्या भिंतीला लागून मशीन. त्या काचांना मात्र एकही पडदा नव्हता. उजेड सगळ्या घरभर सांडलेला, आणि मशीनवर कुणाचं तरी अर्धं शिवून झालेलं काम.

“गिऱ्हाईकं येतात नि भिंतींना हात लावून बघतात,” वन्सं म्हणाल्या. “कालच एकीनं निळी भिंत तशीच्या तशी मागितली.”

ह्यांनी फोन लावला आणि मुलांना घर फिरवून दाखवलं. वन्सं पुढं, फोन धरून हे मागं. “ही तुझी खोली,” त्या थोरल्याला म्हणाल्या आणि एक करडा पडदा ओढून दाखवला. “गाडी ठेवायच्या जागेपेक्षा मोठी आहे.” मुलीची खोली ओट्याला लागून होती. धाकट्याला म्हणाल्या, “तुझ्या खोलीला मी हिरवं कापड घातलंय. अंगण म्हणून.” त्यानं नाक ओढल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“चौरस फुटाला गावातलं सगळ्यात महाग घर,” हे फोनमध्ये सांगत होते, आणि इतक्या अभिमानानं, जणू महाग असणं हीच त्याची थोरवी.

मी कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं काचेपाशी आणखी एक पडदा होता, हळदीच्या रंगाचा. तोच तागा. मी आत डोकावले. एक खुर्ची, खुर्चीवर उशी, आणि समोर खालचा अख्खा रस्ता.

“ही कुणाची?” मी विचारलं. “मुलं तर तीनच आहेत.”

वन्सं मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी खालची दुमड सरळ केली, टाचणी राहिलीय का ते बोटानं चाचपलं. “तुझी,” म्हणाल्या. “रुसायची. आलीस की सरळ आत जायचं आणि ओढून घ्यायचा. कुणी विचारणार नाही काय हरवलं म्हणून.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन घरांत राहिले, तीन मुलं मोठी केली, आणि माझी म्हणावी अशी पहिली खोली मला नणंदेनं शिवून दिली. ज्या बाईनं माझ्या ओट्यावर येऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, तिनं.

मी आत गेले, पडदा ओढला आणि खुर्चीत बसले. बाहेर हे थोरल्याला विचारत होते, तुमच्याकडे या महिन्यात भाव चढले की उतरले. मग त्यांनी दोनदा मला हाक मारली, चहा झाला म्हणून.

“मारू नकोस हाका,” वन्सं त्यांना म्हणाल्या. “ती घरी नाहीये. तिच्या खोलीत आहे.”